आडनाव नसलेले आवाज

बसवनगुडीला गाणे नवे नाही. १८९८ च्या प्लेगनंतर, बंगळूरच्या दाट पेठेला मोकळी हवा मिळावी म्हणून म्हैसूर संस्थानने ज्या वसाहती वसविल्या त्यांतली ही एक. आणि ती वसली तीच मुळी देवळे, मठ, पाठशाळा आणि संगीतसभा यांना सोबत घेऊन. एकाच खडकातून कोरलेला अजस्र नंदी, त्याच्या आसपास कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, गांधी बाजारातले मोगऱ्याचे आणि आपण जिला अबोली म्हणतो त्या कनकांबराचे ढीग, 'विद्यार्थी भवना'त १९४३ पासून तव्यावर पडत आलेला डोसा, डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने उभारलेली संस्था, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या ओसरीवरून ऐकू येणारी वीणा किंवा एखाद्या मुलीने घोटून घोटून गुळगुळीत केलेले वर्णम्. अशा वस्तीत एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, बडी हॉली ही नावे उच्चारणे म्हणजे चपला घालून देवघरात शिरण्यासारखेच. तरीही १९५६ ते १९६० या चारपाच वर्षांत ही माणसे बसवनगुडीत रोज रात्री येत होती. दारातून येत नव्हती, इतकेच.

बंगळूर त्या काळी मनाने दोन गावांचे होते. एका बाजूला पेठ आणि तिच्या दक्षिणेकडच्या या सोवळ्या वसाहती. दुसऱ्या बाजूला इंग्रजांची छावणी. दोन्हींचा कारभार १९४९ मध्ये एका नगरपालिकेखाली आला, पण कब्बन पार्क मध्ये होते ते मध्येच राहिले. नाचाचे दिवाणखाने, बँडवाले, इंग्रजी चित्रपटांची थिएटरे हे सारे पलीकडे. बसवनगुडीतल्या मुलाला तिकडे जायचे तर बस बदलावी लागे आणि घरी कारण सांगावे लागे. दुसरी अडचण मोठी होती.

या बसवनगुडीत बेळगावहून आलेले एक मराठी कुटुंब राहत असे. वडील रेल्वेच्या हिशेबखात्यात. घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन पायऱ्यांवर मुलांची जीभ वाढत होती. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांना गाण्याचे वेड होते, आणि ते बेळगाव-धारवाड-कोल्हापूर या पट्ट्यातल्या माणसाला असते तसे होते: म्हणजे स्वतः गात नसत, पण दुसऱ्याचा सूर केसभर हलला की मान आडवी होई. घरात एक हाताने किल्ली द्यायचा ग्रामोफोन होता, आणि पुढे एक व्हाल्व्हचा रेडिओ आला. तो तापायला मिनिटभर घेई. मग कपाळावरचा हिरवा डोळा उघडे, आणि खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली एरियलची तांब्याची पट्टी कामाला लागे. 'आकाशवाणी' हा शब्द म्हैसूरचाच, प्रा. गोपालस्वामींनी १९३५ मध्ये तिथे घरगुती केंद्र सुरू केले तेव्हाचा. त्यामुळे या मुलुखात रेडिओबद्दल थोडी आपलेपणाची भावनाही होती.

रेडिओच्या बटणावर कुणाचा हक्क, हा प्रश्न मात्र त्या घरातही होताच. शनिवारची रात्र अप्पांची. दिल्लीहून १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे, आणि त्या वेळी भांडी घासण्याचा आवाजही चालत नसे. बाकीच्या रात्री धाकट्या मुलाच्या. हा मुलगा १९४४ चा. म्हणजे ही गोष्ट जेव्हा रंगात आली तेव्हा बारातेरा वर्षांचा.

इथे आणखी एका मराठी माणसाचा उल्लेख करणे भाग आहे. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आले. केसकर पुण्याचे. अभिजात संगीताबद्दलचे त्यांचे प्रेम सच्चे होते, आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सुई हलविली. महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी उभारलेले लघुलहरींचे एक जबरदस्त प्रक्षेपक यंत्र युद्ध संपल्यावर सिलोनच्या पदरात पडले होते. त्याच्या जोरावर रेडिओ सिलोनने अवघा भारत काबीज केला. विविधभारती सुरू झाली ती १९५७ च्या ऑक्टोबरात, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. नकाशा काढून पाहावा: सरळ रेषेत मोजले तर बंगळूरला मुंबईपेक्षा कोलंबो जवळ. अमीन सयानींच्या बुधवारच्या गीतमालेसाठी जी सुई तिकडे जाई, ती तिथेच सोडली की इंग्रजी कार्यक्रमही ऐकू येत. व्हर्नन कोरिया, जिमी भरुचा ही निवेदकांची नावे त्या पिढीला काकामामांच्या नावांइतकी पाठ होती. केसकरांनी दार लावले ते हिंदी सिनेमाच्या गाण्यासाठी. खिडकीतून उडी टाकलेल्या पोरांना बाहेर एल्व्हिस भेटेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

जगाने या गायकांना पाहिले, आणि मग ऐकले. अमेरिकेत १९५६ मध्ये एल्व्हिस दूरचित्रवाणीवर आला तेव्हा गदारोळ झाला तो त्याच्या कमरेचा. पुढल्या जानेवारीत त्याला कमरेच्या वरच तेवढा दाखविला. त्याच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यातले निम्मे केस, कपडे आणि कंबर यांच्याविषयी आहे. बंगळूरला दूरदर्शन केंद्र आले १९८१ मध्ये. म्हणजे पाव शतकभर बसवनगुडीतल्या या मुलाकडे एल्व्हिसचे जे काही होते ते फक्त गळा. वर्तमानपत्रात क्वचित एखादे अंगठ्याएवढे चित्र येई, शाईने भरलेले. त्यावरून माणूस आहे इतके कळे. ही उणीव होती असे कुणीही म्हणेल. पण ज्या गायकांची सारी कीर्ती अंगविक्षेपांची म्हणून सांगितली जाते, त्यांना नुसत्या कानाने भेटण्याची संधी ज्या थोड्यांना मिळाली त्यांत ही मुले होती, आणि त्यांची आठवण म्हणूनच अधिक विश्वासाची आहे.

कान तर या वस्तीत आधीच तयार झालेला. 'हार्टब्रेक होटेल' त्याने पहिल्यांदा ऐकले तेव्हा आवाज एखाद्या रिकाम्या धर्मशाळेतून यावा तसा आला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी मुद्दाम साधलेला तो घुमारा. मुलाला वाटले, कोलंबो आणि बंगळूर यांच्यामध्ये समुद्र आहे, त्याचा हा परिणाम. पण त्या घुमाऱ्याखाली त्याला एक गोष्ट नेमकी कळली: हा गायक शब्दाचा शेवट सोडून देत नाही, खाली उतरवून ठेवतो. मंद्रात जाताना आवाज बारीक होत नाही. अप्पांच्या शनिवारच्या बैठकांनी त्याला एवढे शिकविले होते. आईला एल्व्हिस नावाचा कुणी आहे हे माहीत नव्हते, 'लव्ह मी टेंडर' लागले की ती म्हणे, "हे बरं आहे, पाळण्यासारखं." आणि खरोखरच ती चाल शंभर वर्षांपूर्वीच्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळच्या एका हळव्या गाण्याची होती.

लिटल रिचर्डची गोष्ट निराळी. त्याच्या 'टुटी फ्रुटी'चे नाव ऐकून प्रथम वाटले, हे आइस्क्रीमवरच्या पपईच्या रंगीत तुकड्यांचे गाणे असावे. ते १९५५ च्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्सला मुद्रित झाले. त्याची सुरुवात होते ती कुठल्याही भाषेत नसलेल्या अक्षरांनी, आणि या अक्षरांवर पंडितांनी खूप शाई खर्च केली आहे: हा आदिम हुंकार, हे बंड, हा भाषेचा स्फोट. प्रत्यक्षात ती ड्रमच्या ठेक्याची तोंडाने केलेली बोली होती. तालवाद्याने काय वाजवायचे ते गायक आधी म्हणून दाखवतो आहे. बसवनगुडीतल्या मुलाला हे कुणी समजावून सांगावे लागले नाही. पलीकडच्या गल्लीत मृदंगाची शिकवणी चाले, आणि तिथली पोरे चामड्याला हात लावण्याआधी महिनोन् महिने बोल म्हणत. आपल्याकडे याला पढंत म्हणतात आणि त्याला टाळ्या पडतात. अप्पांचे मत वेगळे. लिटल रिचर्ड वरच्या सप्तकात जाऊन किंचाळला की ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणत, "कुणीतरी याला पाणी द्या रे."

फॅट्स डॉमिनोला मात्र त्यांनी पाणी देवविले नाही. 'ब्ल्यूबेरी हिल' लागले होते. पियानो एकेका मात्रेचे तीन तीन तुकडे पाडीत चालला होता, आणि त्यावर तो गृहस्थ जेवून ओसरीत पान लावत बसल्यासारखा गात होता. अप्पांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवले. गाणे संपेपर्यंत ऐकले. म्हणाले, "हा घाई करत नाही." बस्स. त्या घरात पाश्चात्य संगीताची एवढीच समीक्षा झाली, पण ती नेमकी होती. डॉमिनोविषयी पुढे जाडजूड पुस्तके निघाली. त्यांतले मर्म याहून फार निराळे नाही.

चक बेरीकडून मुलगा इंग्रजी शिकला. शाळेतली इंग्रजी व्याकरणाच्या जाड पुस्तकातून येई, कांजी केलेल्या कपड्यासारखी. बोलायला काढली की तिला घडी पडे. चक बेरीचे शब्द मोत्यासारखे सुटे, एकेक वेगळा, आणि गोष्ट सांगण्याच्या कामावर लावलेले. १९५७ मध्ये 'स्कूल डे' आले. त्यात शाळेचा कंटाळा होता, घंटा होती, सुटल्यावरची धावपळ होती. अमेरिकेतल्या मुलालाही शाळा सुटण्याची इतकी घाई असते, ही बातमी बंगळूरच्या मुलाला फार दिलासा देणारी वाटली.

यांतला कोण काळा आणि कोण गोरा हे त्याला ठाऊक नव्हते. ही गोष्ट लहान वाटते. ती लहान नाही. अमेरिकेत त्या काळी गायकाच्या कातडीवरून ठरे की त्याचे गाणे कुठल्या केंद्रावर वाजायचे, कुठल्या दुकानात विकायचे आणि त्याने कुठल्या दाराने नाट्यगृहात शिरायचे. जुलै १९५४ मध्ये मेंफिसच्या केंद्रावर एल्व्हिसची पहिली तबकडी वाजली. गाणे एका काळ्या गायकाचे, आर्थर क्रुडपचे. त्या रात्री निवेदक ड्यूई फिलिप्सने या पोरसवदा गायकाला समोर बसवून विचारले, तू कुठल्या शाळेत शिकलास? प्रश्न साधा होता. शाळेचे नाव ऐकताच शहराला कळले की पोरगा गोरा आहे, कारण शाळा रंगावर वाटलेल्या होत्या. उलट बडी हॉली आणि त्याचे साथीदार १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहात गेले तेव्हा, नुसत्या तबकड्या ऐकून ज्यांनी त्यांना बोलावले होते, त्यांची अपेक्षा काळ्या गायकांची होती. आले टेक्सासचे चष्मेवाले गोरे पोर.

मराठी वाचकाला ड्यूई फिलिप्सचा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न आपण गाव जाणून घेण्यासाठी विचारत नाही. आडनाव ऐकल्याबरोबर आपल्या मनातल्या फडताळाचा कुठला कप्पा उघडतो ते आपल्याला माहीत असते. बसवनगुडीतही तसेच चाले. तिथे मठ विचारला जाई, उपपंथ विचारला जाई. त्या गल्लीत सर्वांचे सर्व ठाऊक होते, आणि कुणी कुणाकडे पाणी प्यायचे हेही. अशा गल्लीत रात्री नऊनंतर जे आवाज येत त्यांना आडनावे नव्हती. लिटल रिचर्ड हा काळा आणि जेरी ली लुईस हा गोरा, हे या मुलाला कळायला दहाएक वर्षे लागली; आणि कळले तेव्हा त्याच्या मनातल्या क्रमवारीत काही बदल करावा असे त्याला आढळले नाही. जे गाणे मूळ बिग मामा थॉर्नटनने गायिले आणि ज्याचा पैसा व कीर्ती एल्व्हिसला मिळाली त्या 'हाउंड डॉग'चा हिशेब त्याने पुढे वाचला, त्याचा त्याला रागही आला. पण राग येण्याआधी आवाज आवडून गेले होते, आणि मग ते परत करता येईनात.

हे घर तरी याला अगदीच अनोळखी नव्हते. ग्रामोफोन आला तेव्हा अप्पांच्या वडिलांनी आकांत केला होता. ज्या बायकांना उंबऱ्याच्या आत घेतले जात नाही त्यांची गाणी मुलांसमोर वाजवायची? तबकडी आली, गायिका आली नाही; म्हणून आजोबा हळूहळू गप्प झाले, आणि मग दाराआड उभे राहून ऐकू लागले. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कितीतरी सोवळ्या घरांत कलावंतिणींचे गाणे असेच शिरले आहे, लाखेवर बसून. लाखही आपलीच, छोटा नागपूरच्या जंगलातली. तिच्यावर जगभरच्या तबकड्या कोरल्या जात. तिकडे प्लॅस्टिक आले तरी भारतात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या साठोत्तर काळातही काही वर्षे निघत होत्या. बीटल्ससुद्धा त्यांवर निघाले. मुलाने साठवलेल्या पैशांतून एल्व्हिसची तबकडी आणली ती त्याच किल्लीच्या यंत्रावर, त्याच बोथट सुईखाली फिरली. आजोबांचा प्रसंग आठवून अप्पा काही बोलले नसावेत. आई म्हणाली, सुई बदल, नाहीतर दोघांच्याही रेकॉर्डी जातील.

१९५७ मध्ये 'आशा' चित्रपट आला आणि 'ईना मीना डीका' घराघरात पोहोचले, तेव्हा अप्पांची थोडी पंचाईत झाली. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. या माणसाने 'अनारकली'ला दिलेल्या चाली अप्पा गुणगुणत. त्यामुळे त्याच्या रॉक अँड रोलला वाह्यात म्हणणे कठीण. चितळकरांच्या वाद्यवृंदात गोव्याची माणसे होती. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखे, तुतारीवर जाझ वाजवीत. त्या गाण्यातल्या बाष्कळ अक्षरांत मध्येच कोकणी नकाराचे दोन शब्द बसले आहेत. ते वाद्यवृंदातल्या एका गोमंतकीय सहकाऱ्याने घातले, असे सांगतात. एका ओळीत मेंफिस, पुणतांबे आणि गोवा. अप्पा म्हणाले, चितळकर काहीही करू शकतो. म्हणजे मान्यता दिली, आणि दिली नाहीही.

सगळ्यांत जवळचा होता बडी हॉली. याचा गळा मोठा नव्हता. एखादा शब्द तो उचकी लागल्यासारखा मध्येच तोडी आणि त्याचे तीनचार तुकडे करी. नाट्यसंगीतातल्या हरकती ऐकून वाढलेल्या कानाला त्यात काही विचित्र वाटत नसे. तो शेजारच्या घरातल्या थोरल्या मुलासारखा वाटे. १९६० च्या उन्हाळ्यात ॲव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मुलाला एक फाटके इंग्रजी मासिक मिळाले, आणि त्यात वाचायला मिळाले की हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात विमान पडून मेला. वय २२. बरोबर रिची व्हॅलन्स, वय १७. मासिक वर्षभरापूर्वीचे. म्हणजे गेले चौदा महिने हा मुलगा रोज रात्री एका मृत माणसाची वाट पाहत होता, आणि तो माणूस येतही होता.

त्याने हे जेवताना सांगितले. अप्पांनी विचारले, "कसा गेला?" विमान पडून, प्रवासात. अप्पा उठले, हात धुतले, आणि ग्रामोफोन काढून अब्दुल करीमखाँसाहेबांची तबकडी लावली. तोवर त्या घरात जेवणे अर्धवट ठेवून गाणे लागले नव्हते. तबकडी संपल्यावर म्हणाले, "खाँसाहेब सदतीस साली गेले. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. छातीत दुखायला लागलं म्हणून मध्येच एका बारक्या स्टेशनावर उतरले, तिथेच. मी मॅट्रिकला होतो. मी त्यांचं गाणं ऐकलं ते त्यानंतर. आधी कधीच नाही." मग स्टेशनाचे नाव सांगितले: सिंगपेरुमाळ कोविल. रेल्वेच्या माणसाला स्टेशनाचे नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या रात्रीनंतर अप्पांना हॉली आवडू लागला असे म्हणता येणार नाही. पण तो लागला की ते रेडिओ लहान करा असे म्हणत नसत.

छावणीत याच काळात दुसरेच काही घडत होते. तिथली मुले गिटार विकत घेत होती, आणि ऐकलेले वाजवून पाहत होती. कोडगू घराण्यातला, बंगळूरला जन्मलेला बिद्दू हा त्यांतला एक. 'ट्रोजन्स' नावाचा बँड काढून तो कलकत्ता-मुंबईच्या हॉटेलांत गायला, १९६७ मध्ये लंडनला गेला, १९७४ च्या 'कुंग फू फायटिंग'मुळे जगभर गाजला आणि १९८० मध्ये 'कुर्बानी'तल्या एका गाण्याने परत आपल्या घरांत शिरला. त्याच्याही आठवणींत रेडिओ सिलोन आहे. बसवनगुडीतून मात्र कुणी गिटार घेतली नाही. परीक्षा होत्या, अभियांत्रिकी महाविद्यालय घराजवळच होते, आणि ज्या आवडीला घरात नाव नव्हते तिच्यासाठी पैसे मागायचे कसे? हा मुलगाही अभियंता झाला. त्याबद्दल त्याला फार खंत आहे असे दिसत नाही. जुन्या गाण्याविषयीच्या लेखांत अशी खंत घालण्याची प्रथा आहे, पण ऐकणाऱ्याने ऐकणारा राहणे यात काही कमीपणा नाही. अप्पाही आयुष्यभर ऐकणारेच होते.

१९७७ चे पावसाळ्याचे दिवस. १६ ऑगस्टला एल्व्हिस गेला, बेचाळिसाव्या वर्षी. १६ सप्टेंबरला केसरबाई केरकर गेल्या. या दोन तारखांच्या मध्ये, २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला, अमेरिकेतून दोन व्हॉयेजर याने आकाशात सुटली. परग्रहावर कुणी असलेच तर त्यांना ऐकता यावे म्हणून प्रत्येकाबरोबर सोनेरी मुलाम्याची एक तबकडी दिली होती. तीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. आणि चक बेरीचे 'जॉनी बी. गुड' आहे. निवडीच्या वेळी लोकसंगीताचे थोर संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी आक्षेप घेतला होता की रॉक हे पोरवयाचे संगीत आहे. कार्ल सेगन यांनी उत्तर दिले की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत. हा वाद बसवनगुडीत आधीच झालेला होता, कमी शब्दांत.

अप्पांना केसरबाई म्हणजे परमावधी. पण केसरबाई रेडिओपासून कटाक्षाने दूर राहिल्या. बटण फिरवून कुणीही ऐकावे असे आपले गाणे नाही, ही त्यांची धारणा. इतक्या शनिवारी अप्पांनी दिल्लीचा कार्यक्रम लावला, त्यांत केसरबाई कधी आल्या नाहीत. त्यांच्या मोजक्या तबकड्यांवर या माणसाने जन्म काढला. घरात जेव्हा व्हॉयेजरची बातमी पोहोचली तेव्हा अप्पा सेवानिवृत्त होते. मुलाने वाचून दाखविले. अप्पांनी विचारले, "कुठला राग दिलाय?" भैरवी. "मग बरोबर आहे," ते म्हणाले, "भैरवी शेवटीच म्हणायची असते. पण तिच्यानंतर त्या पोराचं गाणं लावलंय का आधी?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाला तेव्हा देता आले नाही. तबकडीवर चक बेरी आधी आहे. ते कळेपर्यंत अप्पा राहिले नव्हते. पहिले यान २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून पलीकडे गेले.

एकेक करून ती माणसेही गेली. २०१७ मध्ये चक बेरी आणि डॉमिनो, २०२० मध्ये लिटल रिचर्ड, २०२२ च्या ऑक्टोबरात जेरी ली लुईस. त्यांच्या हालत्या चित्रफिती आता नातीच्या फोनवर हव्या तेव्हा दिसतात. ऐंशी ओलांडलेले हे गृहस्थ बसवनगुडीतच राहतात. घराच्या जागी चार मजले उठले आहेत, त्यांतल्या दुसऱ्यावर. त्यांनी लिटल रिचर्डची ओठ रंगविलेली मुद्रा पाहिली, जेरी लीने पायाने वाजविलेला पियानो पाहिला. नात विचारते, मजा आली की नाही? मजा येते. पण थोड्या वेळाने ते फोन तिच्या हातातून घेऊन उलटा ठेवतात आणि गाणे तसेच चालू देतात. गाणे फार स्वच्छ ऐकू येते, ही त्यांची तक्रार. कोलंबोचा आवाज लाटेसारखा येई आणि ओसरे, आणि ओसरलेला भाग ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनाने भरून काढावा लागे. हॉलीच्या 'एव्हरीडे'तला मधला भाग त्यांनी वर्षानुवर्षे तसाच भरून काढला होता.

त्याच गाण्यातला ठेका कशाचा, हे त्यांना कधी उलगडले नव्हते. ड्रम नव्हे, टाळी नव्हे. काहीतरी मऊ, कापडावर पडल्यासारखे. लहानपणी त्यांनी आपल्यापुरते ठरविले होते की तिकडे कुणाकडे तरी ढोलकी असावी. आता नातीने शोधून वाचून दाखविले. १९५७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस नावाच्या लहान गावी हे गाणे मुद्रित झाले, आणि त्यात जेरी ॲलिसन या ड्रमवाल्याने ड्रम बाजूला ठेवून आपल्याच गुडघ्यांवर थापा मारल्या आहेत. आजोबांनी ते पुन्हा वाचायला लावले. गायन समाजाच्या कचेरीत पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत माणसे मांडीवर ताल धरून बसतात. त्यांच्याच शेजारी बसून तेही मांडीवर ताल धरायला शिकले होते, आणि रात्री रेडिओपुढे मांडी घालून, घरातले झोपलेले असत म्हणून हलक्या हाताने, तोच ताल त्या गाण्याला देत होते. त्यांनी नातीला गाणे पुन्हा लावायला सांगितले.